जागा अध्यक्ष ठरवतील

आमडोह, जि. भंडारा
१८ जानेवारी २०२६

ती. लिलाधरदादास,
रंजूचा सा. न. वि. वि.

घरात तीन फोन असताना ही बाई पोस्टाच्या पेटीकडे कायले गेली, असं तुले वाटलं असेल. कारण तूच आहेस, दादा. नगरपालिकेत निवडून आल्यावर मी तुले जो बोलून मेसेज टाकला होता, ज्यात आमच्या गटनेत्याले गाजरगवत म्हटलं होतं, तो तू कौतुकानं मावसभावाले पाठवला, त्यानं मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला, आणि दिवा लागायच्या आत गाजरगवतानं तो सोताच्या कानानं ऐकला. तेव्हापासून ते माझ्याशी फार गोड बोलून राहिले आहेत, म्हणजे काय ते समज. आता मनातलं जे सांगायचं ते कागदावर. याचा फोटो काढून कोणाले पाठवशीन तर शुभांगीवहिनीले सांगून तुझा डबा बंद करीन.

परवा पहिली सभा झाली. विषयपत्रिका घेऊन शिपाई घरी आला, ती आमच्या घरच्यांच्या, म्हणजे तुझ्या भाटव्यांच्या, हातात दिली आणि मेंबर कुठं सही करतील म्हणून त्यांनाच विचारू लागला. ते बिचारे लाजले. सभागृहात गेली तर माझ्या खुर्चीमागं अजून एक खुर्ची. कोणाची म्हटलं, तर म्हणे तुमच्या ताराचंदभाऊंची, सगळ्या लेडीज मेंबरच्या नवऱ्यांसाठी मागं ठेवतो आम्ही. ती उचलून मी भिंतीले लावली. बाजूले भावनाताई बसते, बुद्धविहाराकडच्या प्रभागाची. तिनं हे पाहिलं आणि आपल्याही मागची खुर्ची उचलून तिथंच नेऊन ठेवली. तेव्हापासून आमचं जमलं.

सभेचं काय सांगू? मी सारे विषय वाचून, खुणा करून गेली होती. बाबू विषय वाचते, तो अर्धा होत नाही तर समोरच्या रांगेतून मंजूर मंजूर, आणि टेबलावर थापा. नालीचा उपसा मंजूर, पथदिवे मंजूर, बायपासवरच्या कोंडवाड्याची भिंत मंजूर. मी एका विषयावर हात वर केला तर अध्यक्ष परसरामभाऊ हासून म्हणाले की ताई, यावर चर्चा काल माझ्या घरी जेवताना झाली, तुम्ही आल्या नाही. मले कोणी बोलावलंच नव्हतं. आलूबोंडे गरम होते तोवर सभा आटोपली.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रचारात मी एकच कबूल केलं होतं, गुजरीच्या बाजारातल्या आपल्या मच्छीवाल्या बायांसाठी पक्के ओटे आणि वर शेड. आई त्या कडुनिंबाखाली चाळीसेक वर्षं बसून राहिली आहे, खाली चिखल, वर फाटकी ताडपत्री. तो विषय मी पुढच्या सभेत आणणार. आईले सांगतलं तर ती खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणे, कायले त्या सभेत आमचं नाव काढतेस व? कोणाच्या ध्यानात नाही म्हणून आम्ही तिथं आहोत, ध्यानात आलो की उठवतील. तिचं हे असं आहे. तुझं मत कळव.

वहिनीले नमस्कार, प्रेरणाले आशीर्वाद. भावाचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
रंजू

---

चिखला, ता. तुमसर
३० जानेवारी २०२६

चि. सौ. रंजूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. आमच्या कॉलनीत पोस्टमन आला की लोकांना वाटते कोर्टाची नोटीस आली. शेजारचे दोघं दारापर्यंत आले होते. मी त्यांना ऐटीत सांगतलं की आमच्या बहिणीचं आहे, नगरसेविका आहे, फोनवर बोलत नाही. गाजरगवताचं मात्र मनावर घेऊ नको. त्या माणसाले याच्यापेक्षा वाईट नावं आम्ही शाळेत दिली होती.

माझं बरं चाललं. पहिल्या पाळीत आहे. दिवसभर खाली खाणीत राहून वर आलो की ऊन पाहूनच डोळे दुखतात. वहिनी म्हणते चष्मा लावा, मी म्हणतो हिरो दिसीन. ती म्हणते त्याची काळजी करू नका.

आईचं ऐकू नको. बुढीनं आयुष्यभर मुकाट्यानं बसून काढलं, म्हणून तिले मुकाट्यानं बसणंच बरं वाटते. मागच्या पावसाळ्यात मी आलो होतो तर ती प्लास्टिकचं पोतं डोक्यावर घेऊन मरळ कापून राहिली होती, पावशीच्या पात्यावर पाणी टपटप पडे. मले तेव्हा रडू आलं होतं, तुले सांगतलं नाही. बाबा असते तर त्यांनी त्या ओट्यावर पहिला नारळ फोडला असता. आता आपल्या घरचं माणूस त्या खुर्चीवर बसलं आहे, तर मांग. धसाडसा मांग, बिनधास्त. निवडून येऊनही डरायचं असेल तर कायले निवडून आली?

सगळ्यांना यथायोग्य. तब्येतीले जप, आणि पत्राचा रतीब तोडू नको.

तुझा,
लिलाधर

---

आमडोह
१ मार्च २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

झालं दादा, झालं! माझा विषय मंजूर झाला, तोही सर्वानुमते. सूचक मी, अनुमोदक भावनाताई. सगळ्यांनी टेबलावर अशा थापा दिल्या की पाण्याचे ग्लास हालले. गाजरगवतानं उठून माझं अभिनंदन केलं. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते, आणि घरी आल्यावर इतकी थकली की जेवायचं राहून गेलं.

इथली एक रीत आहे, ती मले गटनेत्यानंच समजावली. नवीन मेंबरचा पहिला विषय कोणी पाडत नाही. शकुनाचा विषय म्हणतात. पण मेंबरनंही मान राखायचा. आपण फक्त काम मांगायचं, आणि शेवटी लिहायचं की जागा अध्यक्ष ठरवतील. नळ असो, बेंच असो, समाजमंदिर असो, पहिल्या विषयाले हे वाक्य लागतेच म्हणे. परसरामभाऊंच्या पहिल्या विषयालेही होतं, तेव्हाच्या अध्यक्षांनी त्यांना हवी तीच जागा दिली. मी विचार केला, आपलं काय जाते? मच्छीवाल्या बाया कुठं बसतात हे आमडोहच्या कुत्र्यालेही माहीत आहे. जागा अजून वेगळी लिहायची कशाची? कडुनिंबाखालच्या त्या जागेले आपल्या मोहल्ल्यात कधी कोणी नावही दिलं नाही, नुसतं बसायची जागा म्हणतो आपण.

आईले जाऊन सांगतलं. ती झिंगे निवडून राहिली होती. मान वर न करता तिनं विचारलं, कुठं बांधतील. मी हासली, म्हटलं तू बसतेस तिथं, अजून कुठं. ती बरं म्हणाली आणि पुन्हा निवडू लागली. तिले आनंद दाखवायची सवयच नाही. बाकीच्या बायांनी मात्र मले चहा पाजला.

बाकी दिवस कसे जातात विचारू नको. कोणाची नाली, कोणाचा दाखला, कोणाच्या दारातला मेलेला डुक्कर. पहाटे दार वाजते. तुझे भाटवे म्हणतात, तुम्हाले निवडून दिलं की विकत घेतलं? मी म्हणते, तुम्हीच तर पोस्टर चिकटवले.

आशीर्वादाची ओंजळ माझ्यावर धरून ठेव.

रंजू

---

चिखला
११ मार्च २०२६

चि. रंजूस,
अ. आ.

पत्र वाचून वहिनीनं शिरा केला. मी पाळीवरच्या माणसांना चहा दिला आणि तुझ्या नावानं त्यांनी मलेच मेंबरसाहेब म्हणणं सुरू केलं. प्रेरणा म्हणते आत्यानं एक विषय मंजूर केला तर बाबा इतके फुगले, आत्या अध्यक्ष झाली तर दारातून आत येणार नाहीत.

फार लिहीत नाही, डोळे थकले. एकच गोष्ट. काल आईशी फोनवर बोललो. ओट्याचं मी कौतुक करून राहिलो होतो, तर तिनं मलेही तेच विचारलं, कागदावर जागा लिहिली आहे का म्हणून. मी हो म्हटलं. लिहिली आहे ना?

सवडीनं कळव. सगळे मजेत, तुझीच वाट.

लिलाधर

---

आमडोह
९ एप्रिल २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावला असशीन. लिहायले तोंड नव्हतं.

जागा ठरली. अध्यक्षांनी ठरवली. बायपासवर, कोंडवाड्याच्या पलीकडे. गावापासून इतकी दूर की ऑटोवालाही वापसीचे पैसे आधी मांगते. गिऱ्हाईक तिथं कायले येईल? मोकाट गायी सोडवायले येणारा माणूस मच्छी घेऊन जाईल काय? आणि ओटे तिकडे व्हायच्या आधीच गुजरीत मच्छी विकणं बंद, अशी नोटीस लागणार. मी धावत परसरामभाऊंकडे गेली. ते अगदी शांत. म्हणाले, ताई, तुम्हीच अधिकार दिला. गुजरीसमोर कपड्याचं मोठं दुकान झालं आहे, दुसरं होऊन राहिलं, लोक नाक दाबून जातात, तक्रारी कधीच्या येत होत्या, पण कोण्या मेंबरनं तो विषय काढलाच नव्हता. तुम्ही काढला, बरं झालं, मार्गी लागला. आणि त्यांनी मले चहा विचारला. मी पिला, दादा. मले नाही म्हणायचं सुचलंच नाही.

आता तुले सांगते, माझ्या डोस्क्यात काय फिरून राहिलं. मी गप्प बसली असती तर त्या बायांना कोणी हात लावला नसता. त्यांच्यासाठी मी छत मांगतलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन देऊन बसली. ठरावावर सूचक म्हणून माझंच नाव आहे. बाबू म्हणे, ताई, तुमचा ठराव किती लवकर अंमलात आला, लोकांचे पाच-पाच वर्षं पडून राहतात.

बाया घरी आल्या होत्या. भांडतील असं वाटलं होतं, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी पिऊन गेल्या. जाताना एक जण म्हणाली की तुले माहीत नव्हतं ना व. आई तर आलीच नाही. मी गेली तिच्याकडे, तिनं मले जेवू घातलं, या विषयावर एक शब्द नाही. तिचं ते न बोलणंच मले खाऊन राहिलं आहे.

भावनाताई नियम शोधून आली. तीन महिने झाले की साध्या बहुमतानं ठराव बदलता येते, त्याच्या आधी निम्म्याहून जास्त मेंबरच्या सह्या लागतात. सह्या मिळत नाहीत, आम्ही दारोदार फिरून पाहिलं. कोणी पूजेत, कोणी बाहेरगावी, कोणी आजारी. आता जूनच्या सभेची वाट पाहणं आलं. भावनाताईचाही जीव तिकडे अडकला आहे. तिच्या प्रभागात विहाराजवळ मुलींसाठी अभ्यासिका मंजूर आहे, तो निधी काढून उद्यानाले द्यायचं घाटत आहे. आम्ही दोघी एकमेकीच्या विषयाले हात वर करायचं ठरवलं.

रागाव, पण लोभ कमी करू नको.

रंजू

---

चिखला
२० एप्रिल २०२६

चि. रंजूस,
अ. आ.

तुझं पत्र पाळीवर जायच्या आधी वाचलं, ती चूक झाली. दिवसभर खाली डबाही उघडला नाही. सोबतच्या माणसानं विचारलं, घरी कोणी गेलं काय?

तुले काय बोलू? आईचं ऐकू नको असं मीच लिहिलं होतं. धसाडसा मांग असंही मीच. चांगला सल्ला दिला दादानं! पण मले सगळ्यात जास्त राग त्या चहाचा येऊन राहिला आहे. त्या माणसानं तुझ्या तोंडचा घास काढून वर तुलेच चहा पाजला, आणि तू कपबशी खाली ठेवून धन्यवादही म्हटलं असशीन, तुझा स्वभाव माहीत आहे मले.

जूनमध्ये ठराव बदलला तर ठीक. नाही बदलला तर माझं ऐक, राजीनामा दे. त्यांच्या टेबलावर फेकून ये. आपण ढिवराचे लोक, तलावाच्या काठावर मोठे झालो, आपल्याले खुर्ची नसली तर जीव जात नाही. रोज त्यांच्या सोबत बसून आलूबोंडे खायचे आणि घरी येऊन रडायचं, हे मले पाहवत नाही. भाटव्यांनाही हेच वाटत असेल, ते बोलत नाहीत इतकंच.

आईले इकडे आणायचं म्हणतो. क्वार्टर लहान आहे, पण जागा काढू. ती येणार नाही, ते वेगळं.

ऊन फार आहे, डोक्यावर ओढणी घेतल्याशिवाय निघू नको. आम्ही सगळे तुझ्याच बाजूले आहोत, हे विसरू नको.

लिलाधर

---

आमडोह
७ जून २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हरलो.

सगळं सांगते, नंतर विचारू नको, मले दुसऱ्यांदा सांगवणार नाही. सभेच्या आदल्या दिवशी मले पहिल्यांदा परसरामभाऊंच्या घरी जेवायले बोलावणं आलं. वांग्याची भाजी, वरण-भात, पुरी, श्रीखंड. त्यांच्या घरच्या बाईनं फार आपुलकीनं वाढलं. जेवण झाल्यावर गाजरगवतानं मले ओसरीत नेऊन हळूच सांगतलं. उद्या अभ्यासिकेचा निधी उद्यानाकडे वळवायचा विषय आधी आहे आणि तुमचा विषय त्याच्या मागून. उद्यानाले एक हात कमी पडून राहिला. तो हात तुम्ही वर करा, तुमच्या मच्छी मार्केटच्या वेळी आमचे हात वर होतील. आई कडुनिंबाखालीच बसेल, ओटेही तिथंच होतील. हे सारं त्यांनी इतकं साधं करून सांगतलं की मले क्षणभर त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिथून मी सरळ भावनाताईकडे गेली. लपवून ठेवणं मले जमलं नसतं. तिनं ऐकून घेतलं. मले वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, रंजू, तू हात वर कर. अभ्यासिका मी पुढच्या वर्षी पुन्हा मांगीन, माझ्या पोरी तोवर विहारात सतरंजीवर बसून वाचतील, आधीही वाचतच होत्या. तुझ्या आईपाशी पुढचं वर्ष मांगायले वेळ नाही. असं म्हणून तिनं मले डाळिंब सोलून दिलं. दादा, ती माझ्यावर ओरडली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

सभेच्या दिवशी आपल्या बाया मागं बाकावर येऊन बसल्या होत्या, मच्छीचा वास येऊ नये म्हणून लुगडी बदलून. आई आली नव्हती. उद्यानाचा विषय आला. बाबूनं वाचला. समोरचे हात वर झाले आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. भावनाताई खाली पाहून राहिली होती, मले त्रास होऊ नये म्हणून. माझा हात मांडीवरून उचललाच गेला नाही. मी काही मोठा विचार केला असं समजू नको. मले फक्त तिनं पहिल्या दिवशी उचललेली ती खुर्ची दिसली. विषय पडला. अभ्यासिका वाचली. परसरामभाऊंनी पुढचा विषय घ्या म्हटलं.

पुढचा माझा होता. मी बोलली, दादा. लिहून नेलं होतं ते न पाहता बोलली. म्हटलं, ही जागा पालिकेच्या कागदावर कधीच नव्हती, ती या बायांनी बसून बसून केली आहे. कोणी अडवलं नाही, कोणी थापही दिली नाही. हात मोजले तर दोन्हीकडे बरोबरीत. अध्यक्षांचं निर्णायक मत त्यांनी बायपासच्या जागेले दिलं. मग मले म्हणाले, ताई, तुम्ही चांगलं बोलता, बोलत जा.

मागं वळून पाहिलं तर बाया उठून चालल्या होत्या. त्यांना आदल्या दिवशीच्या जेवणाचं कळलं आहे, गाजरगवतानंच कळवलं, की तुमच्या मेंबरच्या एका हातानं तुमचं काम होणार होतं, तिनं तो केला नाही. आता मोहल्ल्यातून जाताना कोणी रंजू म्हणत नाही. मेंबर म्हणतात.

सोमवारी, पंधरा तारखेले, पालिकेचं पथक येणार बायांना उठवायले. त्या दिवशी मी भंडाऱ्याले जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन चालली, स्थगिती भेटली तर भेटली. नाही भेटली तर तुझं ऐकते. राजीनामा लिहून पिशवीत ठेवला आहे. मले या लोकांचा राग नाही आला, दादा, मी थकली. सकाळी पालिकेची इमारत दिसू नये म्हणून मागच्या गल्लीनं जाते. तू हे आईले काही सांगू नको.

माझ्यासाठी घरात थोडी जागा ठेव.

रंजू

---

चिखला
१८ जून २०२६

चि. रंजूस,
अ. आ.

आई इथं आली आहे. सोमवारी सांजच्या बसनं, टोपलीत दोन लुगडी आणि पावशी घेऊन, न कळवता. तुझी पत्रं मी तिले वाचून दाखवली, सगळी. तू नको म्हटलं होतं, पण तिनं समोर बसून वाच म्हटलं तर मी काय करणार? खालचं ती सांगून राहिली, मी लिहून राहिलो, एक शब्द माझा नाही. मी तुले राजीनामा दे म्हटलं होतं, त्यावर तिनं मले पोरीसमोर बोलून घेतलं. ते लिहीत नाही.

चि. रंजूले बायाबाईचा आशीर्वाद.

तू भंडाऱ्यावून वापस आली असशीन अन् जागा खाली पाह्यली असशीन. पोलिसानं उठवलं असं तुले वाटलं असंन. कोणी उठवलं नाई. काय झालं ते माह्याच तोंडून ऐक, बाया तुले आपापलं सांगतीन.

सकाळी ट्रक आला. साहेब नवाच पोट्टा होता, चांगला बोलला. मेंबर ताई येईपर्यंत थांबतो म्हणे. बायाईनंबी तेच धरलं, रंजू येऊ दे, रंजूले पाहू. सगळ्या तुयावर चिडून होत्या ना, त्याईले तुले तिथं उभं करून पाहाचं होतं. कपड्याच्या दुकानातले लोक पायरीवर येऊन उभे राहिले, तमाशा पाहाले. मी मनात म्हटलं, आता हे पोर येईन. आमच्यासंगं खाली बसली तं म्हणतीन, सोताचाच ठराव सोताच मोडला. साहेबासंगं उभी राहिली तं या बायाईच्या हातची मच्छी तिले जन्मात खाता येनार नाई. त्या कागदावर पयलं नाव तिचं हाय, आमाले उठा म्हनाची पाळी तिच्यावरच येनार. अन् माह्या पोरीनं मले उठ म्हनावं, हे मले ऐकाचं नोहोतं.

म्हून तू येन्याच्या पयले मी घमेल्यातलं पानी सांडलं, पावशी फडक्यात बांधली अन् उठली. बाया म्हनल्या, बायाबाई, काय झालं? मी म्हटलं, गुडघे दुखतेत. खोटं नोहोय, दुखतेतच. मी उठली तवा बाकीच्याबी उठल्या. साहेब पोट्टा मायी टोपली उचलून द्याले आला, त्याले मी हात लावू देल्ला नाई.

त्या आता बायपासवर बसतीन. तिथं नळ नाई, सावली नाई, त्याचं पाहाचं काम तुयं. काही दिवस त्या तुयासंगं बोलनार नाईत. तरी जात जा. मच्छी इकत घे, पैसे दे, ताराचंदले पाठवू नको, सोता जा. दोन-चार खेपा तोंड फिरवतीन, मंग झिंगे चांगले हायेत का वाईट हे आपसूक सांगतीन. मायासारख्याच हायेत त्या, त्याईचा राग चुलीसारखा नाई, लवकर इझते.

भावनाले सांग, मी तिचं डाळिंब ध्यानात ठेवीन. तू हात वर नाई केला हे लिलाधरनं वाचलं तवा मले लय बरं वाटलं. त्या पोरीईची जागा घेऊन मी त्या झाडाखाली बसली असती तं कोन्या तोंडानं मच्छी तोलली असती?

तुयावर माया राग नाई. आधीबी नोहोता. मी बोलली नाई तं तुले वाटलं मी रुसली. मले तुले काय सांगावं हे समजत नोहोतं, एवढंच. तुले त्या सभेत कोनी शिकवलं नाई, मलेबी काई माहीत नोहोतं, मंग कायले एकमेकीले बोलाचं?

आता तुया पिशवीतल्या कागदाचं. तो फाड. मी त्या जागेवर पुराच्या पान्यात बसली, तुया बाप गेला त्याच्या तेरवीनंतरच्या दिवशी बसली, तू पोटात होती तवा बसली. लोकाईनं हजारदा उठ म्हटलं, कोनाच्याच सांगन्यानं मी उठली नाई. सोमवारी मी आपल्या मनानं उठली, तुले तिकडे सभेत बसता यावं म्हून. आता तूबी उठशीन तं मी फुकट उठली, बाई. थकली असशीन तं दोन दिवस इकडे ये, मी भात रांधीन, झोप, मंग वापस जा.

पुढच्या सभेले आपल्या खुर्चीवर बस. बोलनं नाई जमलं तं बोलू नको, नुसती बस.

तुयी आई,
बायाबाई